मोडीत काढण्याआधी एकदा काजात घालून बघा!

सोन्याची बटणं, बिद्रीची बटणं, कफलिंक्स, टायपिन, चावीचं घड्याळ... आजोबांच्या डब्यातली ही मंडळी अजिबात आरडाओरडा करत नाहीत. म्हणूनच तर ती भारी आहेत!

एक काम करा. हे ऑफिसात वाचत असाल तर जरा मान वर करून आजूबाजूला बघा. आपल्या पोरांच्या अंगावर काय काय दिसतंय? गळ्यात कंपनीचं नाव छापलेली आयकार्डाची पट्टी. मनगटावर स्मार्टवॉच, जे दर तासाला 'उठा, चाला' म्हणून टोचतं. शर्टाच्या छातीवर लोगो, बेल्टच्या बकलावर लोगो, पाठीवरच्या सॅकवर लोगो. प्रत्येक वस्तू काहीतरी बोलतेय. बोलतेय कसली, बोंबलतेच आहे! मीही त्यातलाच बरं का. फ्रीलान्सर असल्यामुळे गळ्यात पट्टी नाही, एवढाच काय तो फरक.

पण गेले दोन महिने माझ्या अंगावर अशा काही वस्तू आल्यात, ज्या चकार शब्द काढत नाहीत. घरात मात्र त्यांच्यावरून चांगलंच वाजलं. आज तीच स्टोरी.

लॉकर आणि बिस्किटांचा डबा

झालं असं, की ताईचं लग्न ठरलं. आता लग्न ठरलं म्हणजे लॉकर उघडणं आलं. बँकेतून आणलेले दागिने आईने चादरीवर मांडले आणि बाबा कॅल्क्युलेटर घेऊन बसले. बांगड्या, आज्जीची बोरमाळ, मोहनमाळ... आणि सगळ्यात शेवटी जांभळ्या मखमलीच्या एका एवढ्याशा डबीतून निघाली सोन्याची पाच बटणं. नाजूक साखळीने एकमेकांना जोडलेली. १९५८ सालच्या लग्नात आमच्या आजोबांना, म्हणजे अण्णांना, सासुरवाडीकडून मिळालेली.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी बटणं असतील. किमान असायची तरी! जावयाला सोन्याची बटणं घालणं हा आपल्याकडच्या लग्नांतला एकेकाळचा सॉलिड मान. अंगठी काय, कुणीही देतं. बटणं दिली म्हणजे सासरा दिलदार! रेशमी कुडता किंवा नेहरू शर्ट, त्याच्या पट्टीवर ओळीने चार-पाच छोट्या सोनेरी टिकल्या आणि त्यांच्यामधून जेमतेम दिसणारी साखळी. बस्स. बाकी काही नाही. फोटोत तर ती दिसतही नाहीत. अण्णांच्या लग्नाच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत मी भिंग लावून शोधली, तेव्हा पाचातली दोन सापडली.

बाबांनी बटणं काट्यावर ठेवली. साखळीसकट नऊ ग्रॅम. "मोडीत घालू," ते म्हणाले. "ताईच्या पाटल्यांत जातील."

२०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या वर गेला, त्यामुळे नऊ ग्रॅम म्हणजे चेष्टा नाही, हे मलाही कळतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, अहो ती अण्णांची आहेत!"

बाबांनी चष्मा वर केला आणि सरळ विचारलं, "ठीक आहे. कोण घालतं ती?"

बॉस, बोलती बंद. कारण उत्तर होतं : कुणीच नाही. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली. बाबांनी त्यांच्या स्वतःच्या लग्नातही ती घातली नाहीत, कारण तेव्हा सफारी सूटचा जमाना होता. आणि मी? मला तर ती आहेत हेच माहीत नव्हतं.

दुसरी वस्तू निघाली ती लॉकरमधून नाही, तर स्वयंपाकघराच्या माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यातून. त्यात गंजलेल्या टाचण्या, बिनकुलपाच्या किल्ल्या, सुईदोरा आणि तळाशी सहा काळीकुट्ट बटणं. आईला वाटलं प्लास्टिकची असतील. मी शर्टाला पुसली तर काळ्यावर चांदीची बारीक वेल उमटली. पाच पाकळ्यांचं फूल, त्याच्या कडेने एक रेघ. ही पणजोबांच्या शेरवानीची बटणं. बिद्रीची!

ऑफिसवेअर, निजामाच्या राज्यातलं

आता पणजोबा आणि शेरवानी, हे कॉम्बिनेशन पुण्या-मुंबईच्या मित्रांना जरा चमत्कारिक वाटतं. आपल्याला वाटायला नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. मुंबईत साहेबाच्या राज्यात कारकुनाने कोट घालावा, तशी इथे सरकारी नोकराने शेरवानी घालावी, अशी रीत होती. त्यात धर्माचा प्रश्न फारसा नसायचा. शाळामास्तर असो, वकील असो नाहीतर महसूल खात्यातला माणूस, बंद गळ्याची, गुडघ्यापर्यंतची शेरवानी हे त्याचं फॉर्मल. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथली पोरंसुद्धा शेरवानीतच वर्गात बसायची. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर आपल्या पणजोबांचा ड्रेसकोड!

आणि शेरवानीत मिरवायला जागा किती? टाय नाही, कॉलर बंद, कफ साधे. उरली फक्त समोरची बटणांची ओळ. त्यामुळे माणसाची सगळी हौस त्या ओळीत उतरायची. १९९५ मध्ये भारत सरकारने निजामाचे १७३ दागिने सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. त्यात सरपेच, हार, बाजूबंद आहेतच, पण बटणं, कफलिंक्स आणि खिशातल्या घड्याळाच्या साखळ्याही आहेत. गंमत बघा, ज्या सातव्या निजामाला 'टाइम' मासिकाने १९३७ मध्ये जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून कव्हरवर छापलं, तो मीर उस्मान अली खान स्वतः साध्या, जुनाट कपड्यांसाठी प्रसिद्ध होता. तिजोरीत हिऱ्यांची बटणं आणि अंगात विटलेली शेरवानी!

आमचे पणजोबा मात्र साधे कारकून. त्यांची ऐपत बिद्रीपर्यंत. पण बिद्री ही काय चीज आहे, ते मला ही बटणं हातात आल्यावर वाचून कळलं. मूळ धातू जस्त, त्यात थोडंसं तांबं. साच्यात ओतायचं, घासायचं, मग छिन्नीने बारीक नक्षी कोरायची आणि त्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. इथपर्यंत सगळंच करडं आणि चांदीही त्यात हरवलेली. खरी जादू शेवटी. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून ते मिश्रण गरम तुकड्याला लावलं, की जस्ताचा धातू काळाभोर पडतो आणि चांदी जशीच्या तशी राहते. काळं पडल्यामुळेच चांदी दिसायला लागते! २००६ मध्ये बिद्रीला भौगोलिक मानांकनही मिळालं. नाव बिदरचं असलं, तरी ही कला आपल्या शहरातही चालत आलेली आहे. लेणी बघायला येणारे टुरिस्ट इथून बिद्रीचे हत्ती घेऊन जातात. आपण शेजारून गाडी काढून मॉलमध्ये जातो!

आणि इथेच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. त्या काळी घरोघरी सोन्याची बटणं होती. गेली कुठे? वितळली. कुणाच्या फीमध्ये, कुणाच्या प्लॉटमध्ये, कुणाच्या पाटल्यांत. आमची बिद्रीची बटणं मात्र टाचण्यांच्या डब्यात सत्तर-ऐंशी वर्षं सुखरूप राहिली. का? कारण ती मोडून काहीच मिळत नाही! सराफाच्या काट्यावर जस्ताला कोण विचारतो? ज्याची किंमत शून्य, ते टिकलं. ज्याची किंमत लाखाच्या घरात, ते लग्न ठरताच धोक्यात आलं.

काज होना, मियाँ!

बाबांच्या 'कोण घालतं?'ला उत्तर द्यायचं, तर आधी घालून दाखवायला हवं. म्हणून मी बिद्रीची बटणं आणि माझं एकुलतं एक बंदगळा जाकीट घेऊन गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत शिरलो. तिथे एक टेलरचाचा अजून हाताने काज करतात, असं ऐकून होतो.

चाचांनी बटण उलटं केलं. मागच्या बाजूला एक छोटी कडी. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "ये तो शेरवानी का माल है. टाकना नक्को इसको. सुराख करके पीछे से छल्ला डालते. धुलाई को देते वख्त निकाल लेने का."

म्हणजे फंडा असा. ही बटणं कपड्याला शिवायचीच नाहीत. कापडाला बारीक भोक, त्यातून कडी आत आणि आतून छल्ला. कपडा धुवायला गेला, की बटणं डबीत. सोन्याच्या बटणांचीही तीच गत. तिथे पट्टीच्या दोन्ही बाजूंना काज लागतं, कारण बटण दोन्ही थरांतून आरपार जातं. कपडे फाटतात, आखूड होतात, फॅशन बदलते. बटणं मात्र पुढच्या कपड्यावर जातात. कपडा भाड्याचं घर आणि बटण भाडेकरू!

"सोने की भी हैं चाचा," मी म्हटलं. "पण घरचे मोडायला निघालेत."

चाचा हसले. "पहले हर दूल्हे के कुर्ते को दोनों बाजू काज होना पडता था. अब कौन बोलता? काज बंद हुए तो बटनां भी गए."

हे वाक्य घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

कुणी बघितलं?

खरं सांगू? कुणीच नाही! जाकीट घालून मी दोन प्रेस कॉन्फरन्स, एक साखरपुडा आणि एक 'नेटवर्किंग मीट' अटेंड केली. कुणी ढुंकून बघितलं नाही. आधी जरा वाईट वाटलं. मग हळूहळू मजा यायला लागली. गर्दीत बोलताना अंगठा आपोआप छातीच्या बटणावर जायचा. गार, जड, किंचित खडबडीत. आपल्यापाशी काहीतरी आहे आणि ते इथे कुणालाच माहीत नाही, हे फीलिंग एकदम वेगळं आहे. नवा फोन घेतल्यावर तो चार जणांना दाखवेपर्यंत चैन पडत नाही ना? इथे दाखवायची घाईच नाही.

तिसऱ्या आठवड्यात चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोरीसाठी गेलो होतो. रिटायरमेंटला आलेले एक अकाउंट्स मॅनेजर चहा घेताना हळूच पुढे वाकले. म्हणाले, "विचारू का? ही बिद्रीची आहेत ना?"

मी खूश. पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला. त्यांच्या वडिलांच्या शेरवानीला अशीच होती. वडील गेल्यावर जुने कपडे बोहारणीला दिले. बटणं काढायची कुणाला आठवणच राहिली नाही. "एका स्टीलच्या पातेल्यावर गेली हो," ते म्हणाले. "ते पातेलं अजून आहे घरात. दूध तापवतो त्यात."

नंतर कामाचं बोलायला आम्हाला पंधरा मिनिटंच उरली, कारण अर्धा तास ते वडिलांबद्दल बोलत होते. कडक इस्त्री, अत्तराचा फाया, सायकलवरून ऑफिस. जुन्या वस्तूंचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. त्या शंभर लोकांशी बोलत नाहीत. एकाशीच बोलतात, पण मनापासून.

घरी येऊन आईला हा किस्सा सांगितला. ती म्हणाली, "आपल्याकडचीही शेरवानी बोहारणीलाच गेली. पण तुझ्या पणजीने आदल्या रात्री बसून बटणं काढून ठेवली होती, असं तुझी आज्जी सांगायची." म्हणजे ही बटणं वाचली ती पणजोबांमुळे नाही, पणजीच्या कात्रीमुळे!

ज्यांच्या घरी डबा नाही, त्यांचं काय?

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. 'साधं पण भारी' हा फंडा ज्यांच्या माळ्यावर असा डबा आहे, त्यांना सोपा आहे. सगळ्यांच्या घरी तो नाही आणि नसण्याची कारणं काही गमतीशीर नाहीत. आपल्याच शहरात नागसेनवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये कॉलेज सुरू केलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेबांचा कुठलाही फोटो डोळ्यांपुढे आणा. सूट, टाय, खिशाला पेन. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या धड कपडे घालायलाही मज्जाव होता, त्यांच्या नेत्याचा तो सूट लपून राहण्यासाठी नव्हताच. तो दिसायलाच हवा होता. नागपूरजवळ चिचोलीच्या संग्रहालयात त्यांचे कपडे आणि वापरातल्या वस्तू जपून ठेवल्यात. कधी गेलात तर बघा. कपड्यांकडे 'फॅशन' म्हणून बघायची सवय असेल, तर जरा जागेवर याल.

तेव्हा घरातून पहिल्यांदाच फॉर्मल घालून ऑफिसला निघालेले तुम्ही असाल, तर एक लक्षात घ्या. तुमच्या घरचा डबा तुमच्यापासून सुरू होतोय. पणजोबांची वस्तू नसेल, तर तुम्हीच कुणाचे तरी पणजोबा व्हा! आणि त्याला लाख रुपये लागत नाहीत.

पहिल्यांदा घेताय? मग हे वाचाच

घड्याळ : सुरुवात इथून करा. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळं बनवायला घेतली आणि नंतरची काही दशकं आपल्याकडे पहिला पगार, लग्न, रिटायरमेंट, सगळ्याला एचएमटी हेच उत्तर होतं. २०१६ मध्ये कंपनीचं घड्याळांचं उत्पादन बंद करायचा निर्णय झाला. त्यामुळे बाबांचं किंवा काकांचं चावीचं एचएमटी घरात पडून असेल, तर एखाद्या जुन्या घड्याळजीकडून साफ करून घ्या. पांढरी डायल, काळा पट्टा, विषय संपला. विकत घेणार असाल तर सावध! जुन्या मशीनवर नवी रंगवलेली डायल लावून 'रेअर पीस' म्हणून विकणारे बरेच आहेत. डायल फारच चकाचक आणि रंग फारच भडक असेल, तर पुढे चला.

कफलिंक्स : यासाठी डबल कफचा, म्हणजे दुमडून चार काजं एकावर एक येणारा शर्ट लागतो. साध्या बटणाच्या कफला भोक पाडून कफलिंक घालू नका, प्लीज! दोन्ही बाजूंना नक्षी आणि मध्ये छोटी साखळी, हा साधारणपणे जुना प्रकार. मागे फिरणारी दांडी असेल तर तो त्यामानाने नवा. विलायती चांदी असेल तर भिंगाने शिक्के बघा. चालणारा सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी. शेजारी जहाजाचा नांगर असेल तर ती बर्मिंगहॅमला तपासलेली. हो, समुद्र नसलेल्या गावाचा शिक्का नांगर! आणि 'ईपीएनएस' अशी इंग्रजी अक्षरं दिसली, तर ती चांदी नव्हे, नुसता चांदीचा मुलामा. वाईट नाही, पण किंमत मुलाम्याचीच द्या.

टायपिन : टायच्या रुंदीपेक्षा आखूड हवी आणि शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या बटणाच्या मध्ये लावायची. तिचं काम टाय शर्टाला धरून ठेवणं, टायला टांगून राहणं नाही. दगड, कंपनीचा लोगो, विमान वगैरे नको.

हिमरू : हे तर आपल्या घरचं. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा विणकर सोबत आले आणि ही कला इथे रुजली, असं मानतात. सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं कापड. त्याचंच भावंड मशरू. वर रेशीम, पण अंगाला लागतं ते सूत. मशरू म्हणजे 'परवानगी असलेलं', कारण पुरुषांनी अंगाला रेशीम लावायचं नाही, हा धार्मिक संकेत त्यातून पाळला जायचा. आज्जीची विरलेली हिमरू शाल असेल, तर तिचा चांगला राहिलेला कोपरा कापून पॉकेट स्क्वेअर करा. एका शालीत चार भावंडांचं भागतं!

कुठे शोधायचं : आधी स्वतःच्या घरातले माळे, शिवणाचे डबे, देवघराचा खण. मग जाफर गेटचा रविवारचा बाजार. सकाळी लवकर जा, भाव करा, घाई करू नका. मी केली होती. मागच्या वर्षी एका दुकानात (कुठल्या ते जाऊ द्या) 'नवाबी जमान्याचे' चांदीचे कफलिंक्स म्हणून अडीच हजार मोजले. महिन्याभरात मनगटाला हिरवा डाग! पितळ निघालं. तेव्हापासून खिशात भिंग ठेवतो.

जपायचं कसं : बिद्रीला चांदी चकाकवायचं पॉलिश लावू नका. काळा रंग निघाला, तर नक्षीच गायब. मऊ फडक्यावर खोबरेल तेलाचा थेंब घ्या, पुसा आणि कोरडं करा. घाम लागला तर त्याच दिवशी पुसा. आपल्याकडच्या मे महिन्यात बंदगळा घालणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. त्या दिवसांत सुती कुडता आणि त्यावर बटणं, हेच बेस्ट.

मोड घालणार असाल तर : मोडा, पण आधी हिशेब समजून घ्या. सराफ घडणावळीची किंमत धरत नाही. घट वजा करतो आणि कस लावतो. कारागिराने केलेली नाजूक साखळी त्याच्या लेखी नुसती ग्रॅम. आणि हो, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ्यात 'तोळा' म्हणतात तो दहा ग्रॅमचा. आज्जी 'पाऊण तोळा' म्हणाली असेल, तर तो नक्की कुठला, ते काट्यावरच बघा. जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नाही म्हणून घाबरू नका. हॉलमार्कची सक्ती २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली, ती विकणाऱ्या सराफांवर आहे. घरच्या जुन्या सोन्यावर शिक्का नसायचाच.

आणि मग ताई बोलली

परत आमच्या घरी. एका रविवारी ताई पुण्याहून आली. जेवणं झाल्यावर मी बटणांवर छान भाषण ठोकलं. वारसा, कारीगरी, पणजीची कात्री, सगळं. बाबा बऱ्यापैकी विरघळले होते. "राहू दे मग बटणं," असं म्हणण्याच्या बेतात होते.

तेवढ्यात ताई म्हणाली, "म्हणजे तुमच्या बटणांसाठी माझ्या पाटल्या हलक्या?"

सन्नाटा!

आणि ती बरोबरच होती की हो. मी दोन महिने 'अण्णांची बटणं, पणजोबांची बटणं' करत होतो. वारसा म्हटलं, की माझ्या डोक्यात फक्त कुडते आणि शेरवान्या येत होत्या. वितळवायचं काय आणि ठेवायचं काय, हे ज्यांच्या वाट्याच्या सोन्यावर ठरत होतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बटणं काढून ठेवणारी पणजी होती आणि मी ती घालायला निघालो होतो!

"सॉरी," मी म्हटलं. "तू सांग. मोडायची?"

ताईने डबी उघडली. बटणं तळहातावर घेतली. साखळी बोटावरून खाली लोंबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाटल्या मी ऑफिसला घालणार आहे का? लॉकरलाच जाणार त्या. ही तशीच द्या मला. नऊ ग्रॅम माझ्या हिशेबात धरा."

"तू काय करणार त्यांचं?" आईने विचारलं.

"घालणार! मला एक बंदगळा शिवायचाच आहे. काय रे, तुझा तो टेलर दोन्ही बाजूंनी काज करतो ना?"

बाबांनी कॅल्क्युलेटर बंद केला. पुढच्या शनिवारी आम्ही तिघं गुलमंडीला गेलो. चाचांनी ताईचं माप घेतलं, बटणं बघितली आणि विचारलं, "दूल्हे का कुर्ता किधर है?"

"कुर्ता नहीं चाचा," ताई म्हणाली, "मेरा कोट है. दोनों बाजू काज होना."

चाचांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा बटणांकडे. मग वहीत लिहिलं : काज, दहा.

बिद्रीची सहा माझ्याकडे राहिली. त्यांचा भाव विचारायला अजून तरी घरात कुणी आलेलं नाही.

तर मंडळी, या रविवारी एक काम कराच. माळ्यावरचा डबा खाली काढा. तळाशी काय सापडलं ते आधी घरातल्या सगळ्यांना, अगदी सगळ्यांना, दाखवा. मग ठरवा, काटा की काज.